खासदार-आमदारांना पत्र : मतदान यंत्रं आणि कागदी चिठ्ठ्या यांबद्दल नेमकं काय मागायचं?

नियमावली

निकाल लागला की पंधरा दिवस "ईव्हीएम हटाव"चे फॉरवर्ड फिरतात. शेवटी एक ओळ असते, "हा मजकूर आपापल्या खासदाराला पाठवा." लोक पाठवतातही. मग एक तर उत्तर येतच नाही, नाहीतर "आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी निवडणूक आयोगाकडे पाठवण्यात आले आहे" असं छापील उत्तर येतं. यात खासदाराचा आळस असेलही, पण मूळ अडचण मजकुराची आहे. त्यात खासदाराने स्वतः करावं असं एकही काम नसतं.

म्हणून आधी कुणाच्या हातात काय आहे ते पाहू.

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत यंत्र वापरायचा आधार म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६१-ए. १९८२ मध्ये केरळच्या परूरमध्ये पहिल्यांदा यंत्रं वापरली तेव्हा हे कलम नव्हतं. त्यामुळे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वापर बेकायदा ठरवला, आणि नंतर कायद्यात दुरुस्ती झाली. हे काम संसदेचं.

व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणारं यंत्र) आली ती निवडणूक संचालन नियम १९६१ मध्ये ऑगस्ट २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने. हे नियम आयोग करत नाही. कलम १६९ खाली केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून करतं, म्हणजे व्यवहारात विधी व न्याय मंत्रालय. आणि केलेला नियम दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावा लागतो. सभागृहं तो बदलू शकतात, रद्दही करू शकतात. म्हणजे तुमच्या खासदाराचा इथे थेट अधिकार आहे.

प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, ती तरतूद मात्र ना कायद्यात आहे ना नियमांत. आधी आयोगाच्या सूचनेनुसार १ केंद्र होतं, ८ एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ५ झाली. आयोगाची सूचना आणि न्यायालयाचा आदेश एवढाच तिचा आधार. माझ्या मते पत्रात बोट ठेवायची जागा हीच आहे : नमुना मोजणी नियमांत लिहून घ्या.

चौथी गोष्ट म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. तिथे हे सगळं लागूच होत नाही. त्याबद्दल खाली कुणी लिहिलं तर बरं.

रानवारा

पण १०० टक्के मोजणीची मागणी कोर्टाने २०२४ मध्ये फेटाळली ना? मग आता पत्र लिहून काय उजेड पडणार?

नियमावली

@रानवारा, २६ एप्रिल २०२४ चा निकाल (न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता). मतपत्रिकेकडे परत जाणं, १०० टक्के चिठ्ठ्या मोजणं आणि चिठ्ठी मतदाराच्या हातात देणं या तिन्ही मागण्या फेटाळल्या. पण "न्यायालय तसा आदेश देणार नाही" आणि "तसा नियम करता येणार नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचाऐवजी वीस केंद्रं मोजायचा नियम सरकारने उद्या केला तर त्या निकालाची काही आडकाठी नाही.

शिवाय त्याच निकालात दोन दारं उघडली आहेत. एक, चिन्हं भरण्याचं युनिट (सिम्बॉल लोडिंग युनिट) १ मे २०२४ पासून सील करून निकालानंतर किमान ४५ दिवस ठेवायचं. दोन, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने ७ दिवसांत लेखी मागणी केली तर दर विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची मेमरी तपासायची. खर्च उमेदवाराचा, छेडछाड सापडली तर पैसे परत. सुरुवातीला हा खर्च एका संचाला ४०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० ठेवला होता. २०२४ च्या लोकसभेनंतर अर्ज करणाऱ्यांत अहमदनगरचे भाजपचे उमेदवार सुजय विखे पाटीलही होते, ४० केंद्रांसाठी. तेव्हा हा एकाच बाजूचा विषय आहे असं पत्रात भासवू नका, ते खरंही नाही.

आणखी एक. चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का, चिठ्ठीवर चिन्हाबरोबर बारकोड छापता येईल का, हे आयोगाने तपासून पाहावं असंही निकालात सुचवलं आहे. "या सूचनेवर आजवर काय काम झालं?" हा तयार प्रश्न आहे. त्यात मत नाही, आरोप नाही, आणि मंत्र्याला टाळायला जागा कमी.

केंद्राध्यक्ष

धागा चांगला आहे, पण पत्र लिहिणाऱ्याने केंद्रावरची रीत समजून घेतली नाही तर पहिल्याच परिच्छेदात हसं होतं. "चिठ्ठ्या आणि यंत्राचा आकडा जुळला नाही म्हणजे घोटाळा" हे वाक्य तर लिहूच नका. न जुळण्याची बहुतेक कारणं सकाळच्या दीड तासात दडलेली असतात.

मतदानाच्या ९० मिनिटं आधी मॉक पोल सुरू होतो. किमान ५० मतं टाकायची, नोटासह प्रत्येक बटणाला किमान एक. मग कंट्रोल युनिटवर (यंत्राचा मतं साठवणारा भाग) क्लोज, रिझल्ट ही बटणं. तिथला निकाल व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्यांशी मतदान प्रतिनिधींसमोर जुळवायचा. त्यानंतर क्लिअर, म्हणजे यंत्रातली चाचणीची मतं पुसायची. आता व्हीव्हीपॅटचा खालचा कप्पा उघडून मॉक पोलच्या सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, प्रत्येकीच्या मागे "मॉक पोल स्लिप"चा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायचं, ते पाकीट प्लास्टिकच्या डब्यात ठेवून त्याला गुलाबी कागदी सील लावायचं. रिकामा कप्पा प्रतिनिधींना दाखवून तो ॲड्रेस टॅगने बंद करायचा.

आता चुका बघा.

क्लिअर दाबायचं राहिलं, पण चिठ्ठ्या काढल्या : यंत्रात ५० मतं जास्त, चिठ्ठ्या बरोबर. क्लिअर दाबलं, पण चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या : यंत्र बरोबर, चिठ्ठ्या ५० जास्त. दोन्ही राहिलं : यंत्र आणि चिठ्ठ्या एकमेकांशी तंतोतंत जुळतात, फक्त १७-सी शी (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म) जुळत नाहीत! शेवटचा प्रकार चिठ्ठ्यांच्या मोजणीत कधीच पकडला जाणार नाही. तो पकडायचा तर १७-सी लागतो.

चिठ्ठ्या वाढण्याचं आणखी एक कारण. व्हीव्हीपॅट चालू केली की ती स्वयंचाचणीच्या चिठ्ठ्या छापते. त्यांवर उमेदवाराचं नाव-चिन्ह नसतं आणि त्या मोजायच्या नसतात. घाईत कुणी गठ्ठ्यात धरल्या की झाला गोंधळ.

मधेच व्हीव्हीपॅट बिघडली तर फक्त तीच बदलतात, मॉक पोल पुन्हा होत नाही. अशा केंद्रात चिठ्ठ्या दोन डब्यांत असतात आणि बेरीज दोन्हींची करावी लागते. पण कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट (मतदाराने दाबायच्या बटणांचा भाग) बिघडलं तर अख्खा संच बदलतो आणि पुन्हा छोटा मॉक पोल होतो. छपाई अर्धवट होऊन चिठ्ठी कापली न जाता लोंबकळत राहिली, तर ते मत कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेलं नसतं. त्या मतदाराला नव्या व्हीव्हीपॅटवर पुन्हा मत देऊ देतात, आणि ती लोंबकळलेली चिठ्ठी मोजायची नसते.

सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला न जुळण्याचा एक प्रकार २०१९ मधला आंध्र प्रदेशातल्या मैदुकूरचा. तिथेही मॉक पोलच साफ करायचा राहिला होता.

सांख्यिक

आयोगाच्या आकड्यांनुसार २०२४ च्या निकालापर्यंत ४१,६२९ व्हीव्हीपॅट तपासल्या, ४ कोटींहून अधिक चिठ्ठ्या जुळवल्या, एका उमेदवाराचं मत दुसऱ्याला गेल्याचं एकही उदाहरण नाही. आकडा मोठा आहे आणि तो पत्रात नाकारू नका. प्रश्न वेगळा विचारा : हा नमुना कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?

२०१९ च्या आधी आयोगाने भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभय भट यांच्या समितीकडून नमुन्याचा आकडा मागवला होता. राजीव करंदीकरही तिच्यात होते. समितीने देशभरातून ४७९ यंत्रं पुरेशी आहेत असं सांगितलं. गणित चोख आहे, पण ते "देशातल्या सगळ्या यंत्रांपैकी बिघडलेली फार आहेत का?" याचं गणित आहे. निकाल मात्र देशाचा लागत नाही, एकेका मतदारसंघाचा लागतो. बिघाड एकाच मतदारसंघात असेल तर देशभरच्या नमुन्याला तो दिसणार नाही.

दर क्षेत्रात ५ हे त्याहून बरं, पण किती बरं ते बघा. एका विधानसभा क्षेत्रात ३०० केंद्रं धरू. त्यांतल्या ३ केंद्रांत गडबड असेल तर सोडतीने काढलेल्या ५ मध्ये त्यांपैकी एखादं येण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. १५ केंद्रांत असेल तर २३ टक्के. ३० केंद्रांत असेल तरी ४१ टक्केच.

उलट बाजूने : ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३० बिघडलेल्या केंद्रांसाठी २७ च्या आसपास केंद्रं मोजावी लागतील, १५ साठी ५३, आणि ३ साठी १९० च्या घरात.

म्हणून "५० टक्के मोजा", "१०० टक्के मोजा" या मागण्या मला आळशी वाटतात. नमुना मताधिक्यावर ठरवा. कुणी २०,००० मतांनी जिंकलं असेल तर निकाल फिरायला किमान १०,००० मतं इकडची तिकडे व्हायला हवीत. एका केंद्रात कुणाच्या डोळ्यांवर न येता फार तर २०० मतं फिरतील असं धरलं, तर ५० केंद्रं बिघडलेली असायला हवीत. ती पकडायला १६ केंद्रं मोजली की पुरे. पण मताधिक्य ८०० असेल तर निकाल फिरायला दोन बिघडलेली केंद्रं पुरतात, आणि मग २३० केंद्रं मोजावी लागतात, म्हणजे जवळपास सगळीच. २०२४ मध्ये लोकसभेला मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला, विधानसभेला मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. अशा ठिकाणी ५ काय आणि ५० काय, पूर्णच मोजायला हवं. अशा जागा मोजक्याच असतात, म्हणून एकूण श्रम फार वाढत नाहीत.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून याच तत्त्वावर राज्यभर तपासणी सुरू केली. आपल्या यंत्रणेत ती जशीच्या तशी बसणार नाही, पण "मताधिक्य कमी तर नमुना मोठा" एवढं तत्त्व नियमात एका परिच्छेदात बसतं.

तिरपा_डोळा

आणि मोजणार कोण? आयोग म्हणतो चिठ्ठ्या पातळ असतात, चिकटतात, मोजण्यासाठी बनवलेल्याच नाहीत.

केंद्राध्यक्ष

म्हणतो ते खरं आहे. चिठ्ठी साधारण १० सेंमी लांब, साडेपाच सेंमी रुंद, थर्मल कागदाची आणि रोलमधून आलेली. मोजणीसाठी सभागृहात जाळी लावलेला वेगळा कक्ष असतो, बँकेतल्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारखा. आत उमेदवारनिहाय खणांची चौकट, चिठ्ठ्या त्यांत वाटायच्या, २५-२५ चे गठ्ठे बांधायचे. एका केंद्राला साधारण तास लागतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या थेट देखरेखीखाली करायचं म्हणून केंद्रं एकामागून एक घेतात. पाच केंद्रं म्हणजे पाच तास.

म्हणजे अडचण चिठ्ठ्यांच्या संख्येपेक्षा ओळीने मोजण्याची आहे. यंत्रांची मोजणी १४ टेबलांवर एकाच वेळी चालते, चिठ्ठ्यांना मात्र एकच पिंजरा. पत्रात "चार मोजणी कक्ष समांतर चालवण्याची तरतूद करा" असं लिहिलंत तर ते वेळेच्या आक्षेपाला सरळ उत्तर होतं. माणसं जास्त लागतील हे खरं, आणि प्रत्येक कक्षावर जबाबदार सहायक अधिकारी नेमावा लागेल हेही.

नियमावली

दोन नियम इथे नोंदवतो, पत्रात त्यांचा उल्लेख असला की वाचणारा सावरून बसतो.

नियम ५६-डी. निकालपत्रकाची घोषणा झाल्यावर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी एखाद्या किंवा सगळ्या केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करू शकतो. निवडणूक निर्णय अधिकारी तो पूर्ण किंवा अंशतः मान्य करतो, वा फेटाळतो, आणि कारणं लेखी द्यावी लागतात. मोजल्यावर फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य. कागद वरचढ आहे हे तत्त्व नियमात आधीच आहे, नव्याने मागायची गरज नाही. उणीव अशी की अर्ज कोणत्या कसोटीवर मान्य करायचा ते नियमात नाही. ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी मताधिक्य असेल तर अर्ज मान्य करणं बंधनकारक करा, ही मागणी इथे चपखल बसते.

दुसरी उणीव : सोडतीतल्या पाचांपैकी एका केंद्रात फरक निघाला तर त्या केंद्राचा आकडा सुधारतात. बाकीच्या २९५ केंद्रांचं काय? नमुना वाढवायचा की नाही, कितीने, ते नियमात कुठेही नाही. नमुना घेण्याचा अर्थच मुळी तो असतो.

नियम ४९-एमए. "मी दाबलं एक, चिठ्ठीवर आलं दुसरं" अशी मतदाराची तक्रार असेल तर लेखी घोषणापत्र घेतात, खोटं ठरलं तर शिक्षा होऊ शकते याची जाणीव देतात, आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत द्यायला लावतात. आक्षेप असा की चाचणी मताच्या वेळी यंत्र बरोबर वागलं म्हणून आधीचंही बरोबर होतं हे सिद्ध होत नाही, तरी शिक्षेची टांगती तलवार मतदारावरच. मागणी वाजवी आहे, पण पहिल्या पत्रात घालू नका. एका पत्रात एकच मागणी.

विदर्भी

स्थानिक निवडणुकांचं मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीच्या पत्त्यावर गेलेली पत्रं याच विषयाची असतात.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. राज्य निवडणूक आयोग घेतो, संविधानाच्या अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए खाली. कायदे राज्याचे. तेव्हा खासदाराला लिहून उपयोग नाही, आमदाराला लिहा. आणि उलटंही तितकंच खरं : विधानसभा निवडणुकीत मतपत्रिका आणा म्हणून आमदाराला लिहिणं व्यर्थ, कारण कलम ६१-ए संसदेचं आहे. २०२१ मध्ये तेव्हाचे विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी मतपत्रिकेचा पर्याय देणाऱ्या कायद्याचा मसुदा करायला सांगितलं होतं. तेव्हाही राज्याचा अधिकार कुठवर पोचतो हाच खरा प्रश्न होता. स्थानिक संस्थांसाठी मात्र राज्याला वाव आहे. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घ्याव्यात अशी शिफारस तिथल्या राज्य निवडणूक आयोगाला केली.

महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट नसते. म्हणजे कागद नाहीच, पाच केंद्रांचीसुद्धा मोजणी नाही. राज्य निवडणूक आयोगाचं कारण तांत्रिक आहे : बहुसदस्यीय प्रभाग. मुंबई सोडून इतर महापालिकांत एक मतदार तीन-चार मतं देतो, त्याला चालेल अशी व्हीव्हीपॅट अजून नाही, तांत्रिक समितीचा अभ्यास चालू आहे.

कारण अगदीच पोकळ नाही. हिशेब करा. चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. चार मतं म्हणजे एका मतदारामागे २८ सेकंद फक्त चिठ्ठ्यांचे. ९०० जणांनी मतदान केलं तर ३,६०० चिठ्ठ्या. एका रोलवर साधारण १,५०० चिठ्ठ्या निघतात, म्हणजे दिवसात दोनदा रोल बदलायचा, आणि रोल बदलायला डबा उघडायचा म्हटलं की सीलचा प्रश्न आला. पण हे सगळं ग्रामपंचायतीच्या आणि महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागांना लागू आहे. मुंबई महापालिकेत प्रभाग एकसदस्यीय आहे. तिथे हे कारण कसं लागू पडतं, हा प्रश्न मुंबईतल्या आमदारांनी विचारायला हवा.

भंडारा-गोंदियाचीही आठवण ठेवा. मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत तिथे व्हीव्हीपॅट इतक्या बंद पडल्या की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. थेट प्रकाश पडून सेन्सर गडबडले असं कारण आयोगाने दिलं. म्हणून व्हीव्हीपॅट मागताना यंत्र कुठे ठेवायचं, उजेड कुठून येतो, राखीव संच किती, हेही मागा. नुसती पेटी आणून ठेवली की काम झालं असं नाही.

मुक्ता_ज

खासदाराने नेमकं काय करायचं ते कुणी सांगेल का? "आवाज उठवा" लिहिलं तर काय होतं ते कळलं.

नियमावली

लेखी उत्तराचा प्रश्न, म्हणजे अतारांकित, हे सगळ्यात सोपं हत्यार. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा, त्यात युक्तिवाद, आरोप, मत नको आणि न्यायप्रविष्ट बाब नको. चांगले प्रश्न बाद होतात ते बहुधा शेवटच्या अटीवर, त्यामुळे "यंत्रं सुरक्षित आहेत का?" असं न विचारता "नियमात अमुक तरतूद करण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे का, असल्यास तपशील, नसल्यास कारणे" असं विचारायचं. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि विधी मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र पोचलं तर ते पुढच्या अधिवेशनाचं झालं. चार-पाच आठवडे आधी पोचवा.

तोंडी मांडायचं तर शून्य प्रहर किंवा नियम ३७७. राज्यसभेत विशेष उल्लेख. अशासकीय विधेयक मंजूर होत नाही, पण मसुदा नोंदीवर येतो. कार्मिक, लोकतक्रार, विधी व न्याय या खात्यांच्या संसदीय स्थायी समितीवर आपला खासदार आहे का ते जरूर बघा. असेल तर बाकी सगळं सोडून त्याला लिहा. लोकसभेचा खासदार दाद देत नसेल तर महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ जण आहेत.

आमदारासाठी तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा. रीत तीच, फक्त खातं वेगळं : महापालिकांसाठी नगरविकास, जिल्हा परिषद-ग्रामपंचायतींसाठी ग्रामविकास.

मसुदा देतो. नक्कल करून सगळ्यांनी एकच पाठवू नका. शंभर सारखी पत्रं आली की स्वीय सहायक त्यांचा एकच गठ्ठा करतो.

> विषय : व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांच्या नमुना मोजणीची तरतूद निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये करण्याबाबत लोकसभेत प्रश्न विचारण्याची विनंती
>
> मा. महोदय,
>
> मी आपल्या मतदारसंघातील ……… विधानसभा क्षेत्राच्या यादी भाग क्र. …… मधील मतदार आहे.
>
> प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ मतदान केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची सध्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशावर आधारित आहे. निवडणूक संचालन नियमांत तिचा समावेश नाही. नमुन्यात तफावत आढळल्यास उर्वरित केंद्रांची मोजणी करावी किंवा कसे, याबाबतही नियमांत तरतूद नाही.
>
> आपण विधी व न्याय मंत्र्यांना पुढील प्रश्न विचारावा, ही विनंती :
>
> (क) नमुना मोजणीची तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६९ खालील नियमांत करण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय;
> (ख) तफावत आढळल्यास नमुना वाढवण्याची, तसेच मताधिक्य कमी असल्यास अधिक केंद्रांची मोजणी करण्याची तरतूद विचारात आहे काय;
> (ग) असल्यास तपशील काय, आणि नसल्यास त्याची कारणे काय?
>
> आपण प्रश्न दिल्यास त्याचा क्रमांक व दिनांक कळवावा, ही विनंती.

तिरपा_डोळा

मसुदा बरा आहे, पण "तफावत" शब्द आला की वाचणाऱ्याला आरोप वाटतो. एक कणभर वाक्य घाला की आजवरच्या मोजणीत एकाचं मत दुसऱ्याला गेल्याचं आढळलं नाही असं आयोग म्हणतो, आणि मागणी पद्धतीबद्दल आहे.

सांख्यिक

+१. आणि (ख) मध्ये दोन मागण्या झाल्या. वर "एका पत्रात एकच" म्हणालात :)

नियमावली

दोन्ही मान्य. (ख) चा उत्तरार्ध काढा, मताधिक्याचं वेगळं पत्र करा.

रानवारा

मतदार म्हणून १७-सी मागता येतो का? केंद्राध्यक्षांनी वर म्हटलं की तो नसेल तर काहीच कळत नाही.

केंद्राध्यक्ष

मतदानाच्या दिवशी १७-सी भाग १ ची प्रत मिळते ती हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना, नियम ४९-एस प्रमाणे. त्यात एकूण मतदार, १७-ए नोंदवहीतले मतदार, मत न देता परतलेले, मतदान करू न दिलेले, वजा करायची चाचणी मतं, आणि यंत्रातली एकूण मतं असतात. यंत्राचा आकडा म्हणजे नोंदवहीतून वजाबाकी केलेला आकडा, हे तिथल्या तिथे पडताळायचं. यंत्रांचे क्रमांकही त्याच कागदावर असतात, मोजणीच्या दिवशी टेबलावर आलेलं युनिट तेच आहे का ते त्यावरून बघतात. गंमत म्हणजे अनेक पक्षांचे प्रतिनिधी सहा वाजता प्रत न घेताच निघून जातात.

सर्वसामान्य मतदाराला ती थेट मिळत नाही. सगळे १७-सी संकेतस्थळावर टाका या मागणीवर मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला होता. आणि २० डिसेंबर २०२४ ला नियम ९३ बदलून लोकांनी पाहण्याजोगी कागदपत्रं "या नियमांत नमूद केलेली" एवढ्यापुरती मर्यादित केली, म्हणजे सीसीटीव्ही चित्रण वगैरे बाहेर गेलं. हाही नियमच आहे, कलम १६९ खालचा. दुसऱ्या पत्राला विषय तयार आहे.

विदर्भी

याच वैतागातून सोलापूर जिल्ह्यात मारकडवाडीला डिसेंबर २०२४ मध्ये गावकरी स्वतःच मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायला निघाले होते. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते थांबलं. त्या गावच्या केंद्रासाठी ५६-डी खाली अर्ज करायचा अधिकार उमेदवाराला होता, ४९-एस ची प्रत प्रतिनिधीला. गावाला मात्र स्वतःचा असा कोणताच अर्ज नाही.

मुक्ता_ज

मग मतदारांच्या अर्जाची तरतूद मागावी का? केंद्रातल्या अमुक इतक्या मतदारांनी सह्या केल्या तर त्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायच्या?

सांख्यिक

कल्पना चांगली आहे, पण गुप्ततेचा विचार करा. छोट्या केंद्रात पुन्हा मोजून केंद्रनिहाय आकडे जाहीर झाले की कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं ते उघडं पडतं. ते आताही पडतं म्हणा. त्यासाठी टोटलायझरची (अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं यंत्र) सूचना आयोगाने २००८ मध्ये केली, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात उचलून धरली, आणि ती तशीच पडून आहे. सह्या करणाऱ्यांना नंतर त्रास होणार नाही अशी सोय आधी हवी.

नियमावली

@मुक्ता_ज, स्वतंत्र मागणी म्हणून लिहा, ५६-डी मध्ये नवा पोटनियम अशी मांडणी करा. सह्यांचा उंबरठा किती ते तुम्ही सुचवा, खासदारावर सोडू नका.

पाठवण्याबद्दल शेवटचं. ईमेल आणि कागद दोन्ही करा. ईमेल पत्ता लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या पानावर असतो. कागदी पत्र मतदारसंघातल्या कार्यालयात हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "आयोगाकडे पाठवले" असं उत्तर आलं तर निमूट बसू नका. त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन दोन ओळींचं पत्र टाका : आयोग नियम करत नाही, कलम १६९ खाली केंद्र सरकार करतं, विनंती प्रश्न विचारण्याची होती. प्रश्न विचारला गेला की त्याचं उत्तर संकेतस्थळावर प्रश्न क्रमांकाने सापडतं. ते इथेच चिकटवा, म्हणजे पुढचा प्रश्न त्या उत्तरातल्या पळवाटेवर बांधता येईल.

रानवारा

पावसाळी अधिवेशनासाठी कुणी कुणाला लिहिलंय ते इथे नोंदवूया का? एकाच खासदाराला दहा जणांनी वेगवेगळे प्रश्न पाठवण्यापेक्षा वाटून घेता येतील.

नियमावली

हो. मतदारसंघ आणि प्रश्नाचा विषय एवढंच लिहा. स्वतःचं नाव, भाग क्रमांक, फोन यातलं काहीही इथे टाकू नका.